दुसऱ्या मजल्याचा टॅग

संगणक विभागात येण्यापूर्वी मी नऊ वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीवर चालणारी वेगवेगळी जाळी, समजावून सांगताना माझ्या तोंडी वह्यांचाच दाखला येतो. तीन वर्गांच्या वह्या एकाच गठ्ठ्यातून शिक्षकांकडे पाठवायच्या असतील, तर प्रत्येक वहीवर वर्गाची चिठ्ठी हवी. आमच्या महाविद्यालयात कार्यालय, ग्रंथालय आणि संगणक प्रयोगशाळा यांची माहिती एकाच वायरीतून राउटरकडे जाते. संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावतो. तिलाच टॅग म्हणतात. राउटरच्या ज्या पोर्टात ती वायर येते, त्याचे तीन भाग केलेले असतात. हे सबइंटरफेस. प्रत्येक भाग फक्त आपल्या क्रमांकाची चिठ्ठी स्वीकारतो. चिठ्ठी जुळली नाही तर वही कोणी उघडत नाही, आणि तक्रारही करत नाही.

त्या दिवशी अकरा वाजता प्रयोगशाळेत नर्सिंगच्या प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा होती. आदल्या दुपारी जुना राउटर बंद पडल्याने मी नवा बसवला आणि मांडणी माझ्या वहीतून उतरवली. आमची पद्धत ठरलेली आहे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले वायरमन काका वहीतला आकडा मोठ्याने वाचतात, मी टाइप करते. मग मी पडद्यावरून वाचते आणि ते खूण करतात. शाळेत निकालपत्रक ताडून पाहतात, तसेच. तिन्ही ओळींवर खूण झाली. कार्यालय चालू झाले, ग्रंथालयही. प्रयोगशाळेची किल्ली मात्र केंद्रप्रमुखांकडे होती. ती सकाळी मिळाली.

साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचे दार उघडले, तर एकाही संगणकाला परीक्षेचा सर्व्हर सापडेना. साडेदहापर्यंत जोडणी झाली नाही, तर परीक्षा रद्द आणि उमेदवारांना पुढची तारीख, असा नियम होता.

जिन्यात मुली बसल्या होत्या. हरसूलकडून पहाटे निघालेली एक उठून उभी राहिली.

"मॅडम, पेपर होईल ना?"

"होईल."

"नाय म्हणजे, दुसरी तारीख दिली तर मला नाय जमायचं. लेकरू सासूबाईंकडं ठेवलंय. एकदाच सोडते म्हणाल्या."

काकांनी हे ऐकले. "मॅडम, वरची वायर सरळ कार्यालयाच्या स्विचात खुपसू का? टॅगबिगची भानगडच नको."

"नको. परीक्षेचे संगणक कार्यालयाच्या जाळ्यात दिसले, तर केंद्रच बाद होईल."

"तसे साडेदहाला होणारच आहे."

"काका!"

"बरं, गप्प बसतो."

मी घाबरले नव्हते. अशा वेळी वायरीच्या एका टोकापासून निघावे आणि एकही पायरी न गाळता दुसऱ्या टोकापर्यंत जावे. संगणकामागचे दिवे लागत होते. वायर ठीक होती. वरच्या स्विचचे पोर्ट चालू होते. मग त्या पोर्टांवर कोणता टॅग लागतो ते पाहिले, तर पडद्यावर चाळीस. स्विचच्या डोक्यावर पांढऱ्या पट्टीवरही काकांच्या ठसठशीत अक्षरात चाळीस. माझ्या वहीत तीस.

"हे चाळीस कुठून आले?"

"अक्षर माझं, आकडा तुमचा. मागच्या वर्षी लॅब वर हलवली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, मजला बदलला, आकडा बदला."

ते खरे होते. तेव्हा मी जुन्या राउटरवर टॅग चाळीस केला होता. पण सबइंटरफेसला टॅगखेरीज नावही असते, तेही आकड्यातच, आणि ते बदलता येत नाही; तो पुसून नव्याने करावा लागतो. तेवढा वेळ नव्हता म्हणून नाव तीसच ठेवले. वहीत मी दोन्हींसाठी एकच रकाना आखला होता, कारण नाव आणि टॅग सारखेच ठेवावेत, असे मी सर्वांना शिकवत आले. ती केवळ सोय आहे, राउटरला तिच्याशी देणेघेणे नसते. मी सोयीचा नियम केला आणि अपवाद लिहिलाच नाही. आम्ही दोघांनी ती चूक अतिशय काळजीपूर्वक ताडून पाहिली होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी मी खाली राउटरपाशी बसले. काका वर, फोनवर.

"वाचा."

"काय वाचू? वही तुमच्यापाशी."

"वही नको. स्विचवरचे वाचा."

"चाळीस. चार, शून्य."

मी टॅग चाळीस केला. टॅग बदलला की आमच्या राउटरवर त्या भागाचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातली त्याची ओळख, पुसला जातो. तोही पुन्हा दिला.

"मॅडम, पहिल्या रांगेत सर्व्हर आला! दुसऱ्या... सगळीकडं आला. आता माझे मार्क कापू नका."

"चूक माझी होती, काका."

"मग तुमचे कापा."

पावणेअकराला मुलींना आत घेतले. फोन बाहेर ठेवायचा होता. हरसूलच्या मुलीने तो माझ्या हातात दिला. "सासूबाईंचा आला तर उचला."

अकरा वाजून पाच मिनिटांनी तो वाजला. पेपर सुरू झाल्याचे मी सांगितले. पलीकडे लेकरू रडत होते.

"दोनपर्यंत सांभाळते म्हणावं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.