दुसरी मोजणी

सालेकशाकडच्या आमच्या गावात एरवी यादोरावला कोणी विचारत नाही. बोलणं तिरकस, बांधावरून भांडण ठरलेलं. पण शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी भलेभले जोडीवाले त्याच्यापुढे गुमान उभे राहतात. बैलाच्या बरगडीवर तळवा ठेवून, घड्याळाकडे बघत तो मिनिटभर श्वास मोजतो. चालून आलेला, उन्हात तापलेला, लाउडस्पीकरला भ्यालेला बैल धापा टाकणारच. म्हणून पहिल्या मोजणीला तो किंमत देत नाही. बैल मोहाच्या सावलीत उभा करायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं. श्वास उतरला तर पळवायचा. नाही उतरला तर आत दुखणं आहे, घरी न्यायचा.

तीन वर्षांमागे श्यामलाल आपला बैल कबऱ्या त्याच्याकडे सोडून नाव नोंदवायला गेला. पहिल्या मोजणीत साठ भरले. मग यादोराव धावत्या जोड्या बघण्यात असा रंगला की दुसरी मोजणी राहूनच गेली. श्यामलाल परतला तोच त्याच्या जोडीचा पुकारा झाला.

"दोनदा मोजलो. उतरला, पळव," यादोराव सरळ खोटं बोलला.

कबऱ्या पहिला आला आणि रेषेपुढे कोसळला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून यादोराव जेवता जेवता थांबतो. बायको देवकाबाई विचारते, "काऊन थांबले?"

"मोजून रायलो," तो म्हणतो. तळवा जमिनीवर टेकलेला असतो. रिकाम्या गोठ्यातही तो हवेत हात धरून उभा दिसतो. मला त्याची कीव येते, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

यंदा श्यामलाल नवा गोऱ्हा घेऊन आला. पहिल्यांदा अठ्ठावन्न. दोघं सावलीत थांबले. दुसऱ्यांदा सव्वीस.

"मस्त उतरला," श्यामलाल हसला. "कबऱ्याचा बी असाच उतरला होता ना? म्हणून तं मी तुले कधी बोल लावलो नाई. त्याचं मरण होतं, बस."

यादोरावचा तळवा अजून गोऱ्ह्याच्या बरगडीवरच होता.

"कबऱ्याले दुसऱ्यांदा मोजलोच नाई मी," तो म्हणाला.

श्यामलालने त्याच्याकडे पाहिलं. गोऱ्ह्याचा कासरा ओढला आणि घरची वाट धरली. मागून लाउडस्पीकर त्याच्या जोडीला पुकारत राहिला.

यादोराव तिथेच उभा होता. गोऱ्हा कधीच निघून गेला होता, हात मात्र तसाच पुढे होता. ओठ हलत होते. मी जवळ गेलो तेव्हा तो साठावर आला होता.