चौकटीतली मोकळी पट्टी

फोटो चौकटीत बसवणं हे तसं मुकं काम. पण त्या चौकटीभोवती माणसं जमली की किस्से साठत जातात. एक सांगायला घेतला की मागचे चार हात वर करून उभे!

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी लिहिला. पन्नाशी उलटलेली, कॉलेज न पाहिलेली, टायपिंगचा क्लास चालवणारी बाई. "कुणी शिकवलं?" असं कुणी विचारलं की सांगायची, "मीच. आणि मास्तरीण कडक होती."

स्क्रीनवर माउसनं चौकट ओढायची, तिच्यात फोटो टाकायचा, मागे कोड लिहायचा. मंडळाचे प्रमुख तात्या, म्हसवडचे, एकटे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा जीव फोटोंच्या जाड अल्बमवर. त्यांनी बजावलं, "मेळाव्यापत्तूर चेहरं नीट दिसलं न्हाईत, तर तुमचं यंत्र घरी आन् माझा आल्बम टेबलावर."

* * *

आधी फोटो होता त्याच मापात टाकला. फोटो भला मोठा, चौकट लहान. दिसायचा फक्त वरचा कोपरा. खंडाळ्याच्या एक बाई लेकीसाठी स्थळ बघायला आल्या. बराच वेळ स्क्रीन न्याहाळून म्हणाल्या, "तात्या, फेटा झ्याक हाय. पर फेट्याखाली पोरगा हाय का?"

* * *

मग फोटो ताणून चौकट भरली. चौकट आडवी, फोटो उभे. कोयनानगरचा काडीसारखा मुलगा स्क्रीनवर पैलवान झाला. मी दुरुस्त करायला गेले, तर त्याच्या आईनं माझा हात धरला.

"आवं बाई, ऱ्हाऊ द्या की. जन्मात पहिल्यांदा अंग धरलंय त्यानं."

* * *

डिस्कवर जागा पुरेना, म्हणून सगळे फोटो बारीक करून ठेवले आणि दाखवताना तेच मोठे केले. चेहऱ्यावर चौकोनच चौकोन! एका मुलीचे मामा चष्मा पुसत म्हणाले, "पोराला देवी आल्या हुत्या, हे आधी सांगायचं."

तेव्हापासून मूळ फोटो मी कधी पुसला नाही.

* * *

शेवटी उंची-रुंदीचं प्रमाण राखणारा कोड जमला. चेहरे खरे दिसू लागले. पण उभ्या फोटोच्या उजवीकडं राखाडी पट्टी मोकळी राहायची, आणि लोकांना नेमकी तीच दिसायची. एक आत्याबाई मुलाच्या फोटोशेजारी बोट ठेवून म्हणाल्या, "हितं कोण हुतं? पहिलीला कापलं व्हय?"

तात्या तापले. "उद्या मेळावा. पट्टी घालवा."

"चेहरा खोटा करून पट्टी घालवणार नाही. अल्बम काढा."

"काढलाच हाय."

* * *

मेळाव्याच्या सकाळी, लोक यायच्या आत, तात्या माझ्याजवळ आले. "लेकीनं लय हट्ट धरलाय. स्थळांत माझं बी नाव घाला," म्हणत त्यांनी खिशातून एक फोटो काढला. कात्रीनं उभा कापलेला. तरुण तात्या खुर्चीत बसलेले. खुर्चीच्या पाठीवर बांगड्या भरलेला एक हात, मनगटापर्यंतच.

मी फोटो चढवला. डावीकडं तात्या, उजवीकडं मोकळी पट्टी. तात्या तिच्याकडं बघत राहिले. कुणापुढं न वाकणारी मी, पण मीच म्हणाले, "तुमच्यापुरता ताणून बसवू का? पट्टी जाईल."

"नगं," तात्या म्हणाले. "तेवढी जागा असू द्या."

मग त्यांनी टेबलावरचा अल्बम उचलला आणि कपाटात ठेवला.