सुंदराक्कांचे हात

सुंदराक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या झोपाळ्यावर बसून भाताच्या बियाण्याला पाणी देत होत्या. पाय जमिनीपासून उचललेले, हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे, मांडीवर एक बंद पारदर्शक पेटी आणि तिच्या भोकात बसवलेली सिरिंज. दट्ट्या दाबला की झोपाळा मागे जाई आणि सिरिंज निसटे. मी पुढे होऊन झोपाळ्याची कडी धरली.

"धरूं नको गे!" त्या ओरडल्या. "वरतें कोण धरील?"

वरतें म्हणजे अंतराळस्थानकात. तिथे पाय टेकत नाहीत, म्हणून हा झोपाळा. तिथल्या प्रयोगशाळेत, जिथे वजनच जाणवत नाही, तिथे भात कसं रुजतं आणि त्याची मुळं कुठे वळतात, हे आम्हाला पाहायचं होतं. प्रयोग तिथले अंतराळवीर करणार होते. पेटी आणि कृती कुंभकोणमहून आम्ही तयार करून द्यायची होती. सुंदराक्का या प्रयोगाच्या प्रमुख. मी कोकणातून नुकतीच आलेली त्यांची सहकारी.

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या त्यांच्या घरात तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासूनची मराठी टिकून होती. दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ, आत आलं की मराठी. माझं बोलणं त्यांना फार गमतीचं वाटे. "येवढ्या घाईनें कां बोलतां तुम्ही लोक? कोणी पाठीस लागलें आहे काय?" असं विचारून त्या कॉफीचा पेला पुढे करीत. तो नेहमी थोडा हिंदकळलेला असे, कारण त्यांचे हात कापत. कंपवाताचं निदान मी येण्याआधीच झालं होतं.

पेटीच्या चाचण्या मात्र त्या स्वतःच करीत. एका बैठकीत पडद्यावरचे वरिष्ठ अधिकारी जरा चाचरतच म्हणाले, "मॅडम, हे काम एखाद्या तरुण माणसाकडे दिलं तर?" मला राग आला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "माझे हात कापतात, म्हणूनच मी करते. मला जमलं तर वर कोणालाही जमेल." बैठक संपल्यावर माझ्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणाल्या, "भय मजही वाटतें गे. पण बसून राहण्याचें जास्त वाटतें."

त्यांच्या बोटांतून निसटे म्हणून आम्ही सिरिंजचा दट्ट्या रुंद केला. झोपाळा मागे जाई म्हणून पेटीला दुसऱ्या हाताने धरायला मूठ बसवली. सगळं हळूहळू, पुन्हा पुन्हा करून.

प्रयोगाचा दिवस आला. कुंभकोणमच्या आमच्या छोट्या खोलीत सगळे पडद्यासमोर दाटीने उभे होते. वर अंतराळवीराने पेटीच्या पहिल्या काही कप्प्यांत पाणी सोडलं. ते बियांखालच्या कागदात नीट मुरलं. शेवटच्या कप्प्यात मात्र दट्ट्या जोरात दाबला गेला आणि पाण्याचा गोळाच बियांना चिकटून बसला. तिथे पाणी खाली ओघळत नाही. तसंच राहिलं असतं तर बी हवेवाचून गुदमरून कुजलं असतं.

"झाकण उघडून पुसू का?" त्याने इंग्रजीत विचारलं. उघडलं असतं तर बाहेरची बुरशी आत शिरून सगळाच प्रयोग वाया गेला असता.

"नको," अक्का म्हणाल्या. "त्याच सिरिंजने पाणी परत ओढून घ्या. अगदी सावकाश."

तो ओढू लागला. थोड्या वेळाने थांबून म्हणाला, "माझा हात थरथरतोय."

तेव्हा अक्कांच्या तोंडून एकदम घरची मराठी बाहेर पडली. "कांपूं दे रे. माझाही कांपतो. मूठ धर आणि हळूं ओढ."

खोलीतले तमिळ सहकारी चकित होऊन पाहू लागले. मी घाईघाईने इंग्रजीत सांगितलं. वर तो हसला, त्याने मूठ धरली आणि पाण्याचा गोळा लहान लहान होत गेला.

काही दिवसांनी सगळ्या कप्प्यांत कोंब दिसले. मुळं वाटेल तिकडे पसरली होती, पण पाती मात्र दिव्याकडे वळलेली. अक्का पडद्याला नाक लावून पाहत राहिल्या.

पुढे त्यांना चमचाही धरता येईना. त्यांचे यजमान गोविंदराव त्यांना दहीभात भरवत असताना मी एकदा गेले आणि सांगितलं, की आता कणसापर्यंत भात वाढवायची परवानगी मिळाली आहे, पण प्रमुख म्हणून माझं नाव घातलंय. मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी घास गिळला. आवाज फार बारीक झाला होता. "मग येथें काय करतेस? जा, पेटी मोठी कर."

त्या वर्षीच सुंदराक्का गेल्या.

गेल्या महिन्यात वरून एक फोटो आला. सोबत नव्या अंतराळवीर बाईंचा काळजीचा निरोप होता : रोपाच्या दांड्याला वरच्या बाजूला सूज आली आहे, रोग असेल तर कापून टाकू का? फोटो पाहिला आणि खुर्चीवरून उठलेच मी. कोकणात आमच्या शेताच्या बांधावरून हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

"कापू नका," मी कळवलं. "रोग नाही. भात पोटरीला आलंय. आत लोंबी आहे."