आनंदरावांचं इटालिक

मल्हारगंजातल्या एका छापखान्यात आनंदराव तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होते, आणि त्यांचा सगळा जीव इंग्रजी इटालिकच्या, म्हणजे तिरप्या अक्षरांच्या, एका खणात अडकला होता. महूच्या फौजी बापाचा हा मुलगा स्वतः छाती काढून चालायचा; अक्षरं मात्र त्याला झुकलेलीच आवडत. जाड रेघ ऐटीत खाली यायची, बारीक रेघ केसासारखी निसटायची. दाब जरा वाढला की ती तुटे, म्हणून त्या खणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेठ लोकांच्या लग्नपत्रिका, क्लबच्या मेजवान्या, अत्तराची लेबलं, एवढ्यासाठीच तो टाईप बाहेर निघे. कुणी शोकपत्र घेऊन आलं तर आनंदराव तोंडावर सांगत, "ये नहीं मिलेगा. ह्या अक्षरात वाईट बातमी शोभत नाही, भिया."

शोभत नाही म्हणजे येतच नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

ब्याण्णव साली कापड मिलचे नवे मॅनेजर परेशसाहेब छापखान्यात आले. पुण्याचे, टाय लावलेले, बोलणं लोण्यासारखं मऊ. साडेचारशे कार्डं हवी होती, प्रत्येकावर एकेका कामगाराचं नाव, आणि टाईप हाच. "थोडी ग्रेस हवी," ते म्हणाले. आनंदराव विरघळलेच. कामगारांसाठी इटालिक! मजकुरात त्यांना 'सर्व्हिस' दिसलं, 'थँक्स' दिसलं. मधली दोन लांबलचक वाक्यं त्यांनी जुळाऱ्याच्या सवयीने वाचली, म्हणजे अक्षर अक्षर, अर्थाच्या भानगडीत न पडता. यादीत धाकट्या भावाचं, रत्नपालचं नाव आलं. तो त्याच मिलमध्ये अठरा वर्षं मागावर होता. त्याच्या नावासाठी आनंदरावांनी खास 'आर'चा खिळा निवडला, शेपूट अखंड असलेला.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी मिलमध्ये आपल्या रत्नपालचा सत्कार आहे. कार्ड मीच जुळवलंय."

"काय लिहिलंय त्यात?" मीराबाईंनी विचारलं. नवऱ्याला तीस वर्षं ओळखणारी बाई. तिला चौकशी केल्याशिवाय आनंद होत नसे.

"अगं, इटालिक आहे," आनंदराव चिडून म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

सोमवारी मीराबाईंनी शिरा केला. रत्नपाल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला आणि तासाभरात परत आला. गेटला कुलूप होतं. बाहेर टेबल टाकून एक बाबू कार्डं वाटत होता आणि विचारील त्याला हिंदीत अर्थ सांगत होता.

"दादा, आजपासून कामावर येऊ नका असं लिहिलंय," रत्नपाल म्हणाला. "अठरा सालांचं थँक्यू पण आहे. छपाई एकदम मस्त आहे तुझी."

मीराबाईंनी शिऱ्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. आनंदरावांनी कार्ड हातात घेतलं. भावाच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. पण सांगायलाही लाज वाटते, त्यांची नजर आधी त्या आरच्या शेपटाकडे गेली. कुठेही तुटलं नव्हतं.