अर्धा कप

माझी मावसबहीण सुनंदाताई चहा अर्धाच पिते. आजही तिने उरलेला अर्धा कप बशीने झाकून बाजूला सारला.

परदेशात एका सीमेवर, समोरासमोरच्या दोन गावांत भांडण पेटू नये म्हणून बंदुकीविना गेलेल्या आंतरराष्ट्रीय पथकात ती दोन वर्षं होती. रोज दोन्ही गावांत जायचं, चहा प्यायचा, ऐकून घ्यायचं. एकदा पहिल्या गावात आग्रहाखातर तिने दोन कप घेतले. ती पोचण्याआधीच ते दुसऱ्या गावात कळलं होतं. तिथल्या म्हाताऱ्याने तिचा कप पालथा घातला. दुपारपर्यंत ती त्याच्या दारात बसून राहिली, तेव्हा कुठे त्याने तो सुलटा केला. तेव्हापासून दोन्हीकडे अर्धा-अर्धा.

"मग पुढे काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. मुलं शाळेत गेली, बायका पाण्याला गेल्या."

लढायांच्या सनावळ्या आम्ही शाळेत घोकल्या. न झालेल्या लढायांचा धडा कुठे नव्हता.

ताई गेल्यावर मी बशी उचलली. साय धरली होती. एरवी चहा वाया घालवते म्हणून मी तिला नावं ठेवते. आज तो उष्टा, गार चहा मी उभ्याउभ्याच पिऊन टाकला.