श्योंगदादाची तूट

आमच्या बाजारात श्योंगदादाचं चांदीचं दुकान माझ्या आंबट रश्श्याच्या टपरीच्या बरोब्बर समोर. मासा उकळेपर्यंत मला दुसरं कामच नाही, दादाचं नाटक बघत बसायचं. तिकीट नाही, काही नाही.

सकाळी डोंगरावरून एखादी म्हातारी फडक्यात बांधून जुनं कडं आणते. दादा ते दोन बोटांत धरतो, मेलेली पाल धरावी तसं. मग उसासा. "आजी, तांबं फार आहे हो यात. काळं बघा कसं पडलंय. तुम्ही आहात म्हणून घेतो, मोडीच्या भावात. वितळवताना जाईल ती तूट मात्र धरावी लागेल." अरे मेल्या, पेटीत वर्षानुवर्षं पडलेली चांदी काळी नाही पडणार तर काय गोरी होणार? पण म्हातारी बिचारी मान खाली घालून जाते. संध्याकाळी तेच कडं मखमलीवर. "बाईसाहेब, खापरपणजीच्या काळचं! हा काळेपणा आज शोधून सापडणार नाही." शहरातली बाई खूश. सकाळची मोड संध्याकाळी वारसा! मधल्या वेळात दादाने केलं काय, तर माझ्याकडे बसून दोन वाट्या रस्सा ओरपला, तोही उधार.

"वहिनी, धंदा आहे हा," वर मलाच शिकवायचा. "चांदी तीच, गिऱ्हाईक वेगळं. यात फसवणूक कुठे आली?"

इथवर आम्हीही हसत होतो. पण वरच्या गावच्या लुंग आजीने सणाआधी आपली गळ्यातली सरी त्याच्याकडे उजळायला दिली. अंगठ्याएवढी जाड, भरीव, तिच्या सासूची. दादाने ती परस्पर शहरात विकली आणि आजीच्या हातात ठेवली हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ सरी. आतून वजनाला शिसं आणि राळ भरलेली. "छान उजळलीस रे बाबा," म्हणून आजीने वर त्याला चिकट भाताचा डबा दिला! हे मला पुढे लग्नात कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे दादाला घाम का फुटला ते समजेल.

कारण देवाघरी हिशेब असतो म्हणतात ना, तसं झालं. दादाची एकुलती लेक आबांग सणातल्या गाण्यांमध्ये नेमकी लुंग आजीच्याच नातवाशी जुळवून बसली. पोरापोरींनी गाण्यात जुळवलं की आईबापांनी फक्त डुकराची आणि दारूची सोय बघायची.

दादाने धडपड केली. "आजी, सरीबिरी कशाला? आमच्याकडे काय चांदीला तोटा आहे?"

"तुझी चांदी तुझ्यापाशी," आजी म्हणाली. "सासूची सरी नातसुनेच्याच गळ्यात जायची."

लग्न कडाक्याच्या थंडीत. वऱ्हाड दादाच्या घरी आलं, चुलीभोवती बसलं. आता वरच्या गावची रीत अशी, की थंडगार चांदी नवरीच्या गळ्याला लावायची नाही. घरातल्या थोरल्या बाईने ती निखाऱ्यांवर धरून ऊबदार करायची. आजीने सरी चिमट्यात धरली.

"अहो नको, नको!" दादा ताडकन उठला. "शेक कशाला? पोरीला उकडतंय!"

बाहेर पन्हळीला बर्फ लटकत होतं. सगळे फिदीफिदी हसले.

"का रे," आजी म्हणाली, "चांदी विस्तवाला कधीपासून भ्यायला लागली?"

तेवढ्यात सरीच्या सांध्यातून एक काळा थेंब निखाऱ्यावर पडला. मग दुसरा. भस्सकन जाळ झाला आणि घरभर राळेचा वास पसरला. हसणं जागच्या जागी थांबलं.

सवयीने दादाच्या तोंडून निघून गेलं, "आजी, जुनी चांदी आहे, तांबं फार..."

"तुझ्याकडून उजळून आणल्यापासून हिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही," आजी म्हणाली. मला असा संताप आला की म्हटलं, पळी घालावी याच्या टाळक्यात.

आबांगने बापाकडे पाहिलं. एका नजरेत तिला कळलं. तिने सरी पाण्यात बुडवली आणि स्वतःच्या हाताने गळ्यात घातली.

"अगं, काढ ती!" दादा कळवळला.

"का? तुमचीच घडण आहे. बाजाराला दिसू दे. माझ्या सासरची भरीव सरी परत येईपर्यंत ही निघणार नाही, आणि मीही या उंबऱ्यात येणार नाही."

आणि खरोखरच ती तशी गेली. भरतकामाच्या नव्या अंगरख्यावर काजळीच्या पाण्याचे काळे ओघळ, मागे वाजंत्री, आणि वाट बापाच्या दुकानावरूनच. टपरीवर चुलीवर ठेवून आलेला माझा मासा करपला, करपू दे म्हटलं.

मूळची सरी कुठल्या शहरात गेली ते दादालाही ठाऊक नव्हतं. मग नवी भरीव सरी घडवायला मखमलीवरचे सगळे वारसे मुशीत वितळले. हातोडी त्याने स्वतः चालवली. ती घेऊन वरच्या गावी जाताना म्हणाला, "वहिनी, सोबत चला ना. एकट्याने जाववत नाही." मी काय, एका पायावर तयार.

आजीने सरी दोन बोटांत धरली. उसासा टाकला. अगदी दादाचाच. "तांबं फार दिसतंय रे यात," म्हणाली आणि निखाऱ्यांवर धरली. दादा दारातच उभा. आजीने काही घाई केली नाही. चांदी पांढरीच राहिली.

मग आबांगने गळ्यातली पोकळ सरी काढली आणि बापाच्या हातावर ठेवली.

"ही घ्या बाबा, मोडीत," ती म्हणाली. डोळे भरले होते, आवाज मात्र सरळ. "तूट किती धरता?"

दादाने सरी फडक्यात बांधली आणि त्या म्हाताऱ्यांसारखाच मान खाली घालून तो डोंगर उतरायला लागला.