ताल कोण देतंय?

“ह्या पोरीच्या डब्यात कोंबडी कोंडलीय का काय?” शेजारच्या सीटवरचे काका कंडक्टरला विचारत होते.

नांदेड-लातूर एसटीत माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याला जोडलेला सर्किट बोर्ड. त्यातून सनईऐवजी कॉक-कॉक येत होतं. दुपारी लातूरला बोर्डाचा आवाज ग्राहकाला ऐकवायचा होता. नोकरीतलं हे माझं पहिलंच स्वतंत्र काम.

काका लग्नात वाजवायला निघाले होते. काहीही बोलण्याआधी ते मांडीवरच्या हलगीवर दोन बोटं मारत, जणू तिची परवानगी घेत.

टक-टक. “आत वाजवणारे किती हायेत?”

“दोन चिप,” मी पुटपुटले.

टक-टक. “आन् ताल कोण देतंय?”

मी डिव्हाइस ट्रीची फाइल उघडली. कोणती चिप कशाला जोडली आहे आणि आवाजाचं क्लॉक, म्हणजे त्याचा ठेका, कोणी पुरवायचं, हे तिच्यात लिहितात. मी दोन्ही चिपना क्लॉकचं मालक करून ठेवलं होतं.

“दोघं.”

“मग कोंबडीच निघंल की! आमच्या पार्टीत दोघा भावांनी ताल धरला, तर नवरदेवाचं घोडं खाली बसलं. एकानं द्यावा, दुसऱ्यानं गुमान घ्यावा.”

इतका सरळ प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मी एका चिपचं मालकपद काढलं, बोर्ड पुन्हा सुरू केला. सनई स्वच्छ वाजली. काका खुशीत हलगी बडवायला लागले आणि सनईच्या पुढे पळाले. अख्खी बस वळून बघू लागली.

एरवी माझा थांबा निघून गेला तरी मी कंडक्टरला हाक मारत नाही. त्या दिवशी मात्र मोठ्यानं म्हणाले, “काका, ताल बोर्ड देतोय. तुम्ही गुमान घ्या!”